मुलगा ऐकत नाही, आणि शिकवणी आम्हाला?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सव्वाचार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. 'नाही' म्हटलं की जमिनीवर लोळण, किंचाळणं, हाताला लागेल ते भिरकावणं. आईला चावतो, वर्गात मुलांना ढकलतो, शाळेनं दोनदा बोलावून घेतलंय. घर कोथरूडला, आजी-आजोबा एकत्र, बाबा रोज हिंजवडीला. बालमानसतज्ज्ञांनी सांगितलं, 'दर आठवड्याला तुम्ही दोघं या, मुलाशी खेळा, मी काचेपलीकडून तुमच्या कानात सांगत राहीन.' आईचं म्हणणं: "मूल ऐकत नाही आणि शिकवणी आम्हाला? हे खरंच उपचार आहेत, की तुम्हीच चुकलात असं गोड शब्दांत सांगणं? टाइम-आउट, म्हणजे ऐकलं नाही की थोडा वेळ खुर्चीवर बाजूला बसवणं, ते शिकवा म्हटलं तर म्हणाल्या, अजून दीड-दोन महिने नाही."

आधी त्या 'तुम्हीच चुकलात'बद्दल बोलते, कारण ते मनात घोळत असेल तोवर बाकीचं काही आत शिरायचं नाही.

लहान मुलांबरोबर पुण्यात काम करायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. 'माझंच काहीतरी चुकलंय' असं न म्हणता आलेली आई मला क्वचितच भेटली, आणि तसं म्हणत आलेले बाबा एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. काही मुलं मुळातच तिखट असतात. त्याच आईबापांची थोरली मुलगी एका हाकेला येते, आणि धाकटा चपला घालायच्या मुद्द्यावर पाऊण तास जिना अडवून बसतो. थोरलीला जे चालून गेलं ते याला पुरत नाही. याच्याशी फार नेमकं वागावं लागतं, आणि ते कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

मग मुलालाच का नाही शिकवत? हिशोब करा. आठवड्याचे १६८ तास, त्यातला एक माझ्याकडे. उरलेल्या १६७ तासांत त्याला 'नाही' म्हणणारी, भरवणारी, झोपवणारी माणसं तुम्ही. तुम्हाला जी पद्धत सुचवली आहे ती पेरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, आम्ही बोलताना पीसीआयटी म्हणतो. शीला आयबर्ग या अमेरिकन मानसतज्ज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात ऑरेगनमध्ये ती बांधायला घेतली, तीही याच अडचणीतून. खेळाच्या खोलीत मुलं त्यांच्यापाशी शांत व्हायची, त्यांना जीव लावायची, पण घरी गेली की पहिले पाढे पंचावन्न. जोडलं जात होतं ते मूल आणि थेरपिस्ट, मूल आणि आई तसेच दूर. ऑरेगनमध्येच कॉन्स्टन्स हॅन्फ यांनी आईला मुलासोबत खोलीत बसवून, दोन टप्प्यांत, चालू खेळातच सूचना द्यायची रीत त्याआधी वापरली होती. आयबर्गनी ती उचलली आणि तिच्यात खेळातून उपचार करणाऱ्यांची माया मिसळली. आज जगभर वेगवेगळ्या नावांनी चालणारे पालक-प्रशिक्षणाचे बरेच कार्यक्रम याच घराण्यातले आहेत.

आता तुमच्या घरात काय होत असावं? तुम्ही लिहिलेलं नाही, पण मी अंदाज करते. संध्याकाळचे सात. तुम्ही कुकर लावताय. तो मोबाइल मागतो, तुम्ही नाही म्हणता. तो ओट्याशी येऊन ओढणी ओढतो, तुम्ही आवाज चढवता. तो लोळण घेतो. आजोबांची बातम्यांची वेळ, त्यात खालच्या मजल्यावरचे गेल्या आठवड्यात बोलून गेलेले. सहा वेळा 'नाही' म्हणून सातव्यांदा तुम्ही म्हणता, "घे बाबा, पण गप्प बस." घरात शांतता.

या एका क्षणात दोघांना बक्षीस मिळालं. त्याला मोबाइल, तुम्हाला शांतता. त्याला कळलं की लोळण घेणं कामाला येतं, आणि तुमच्या नकळत तुमच्या मनानंही नोंद केली की देऊन टाकणं कामाला येतं. जेराल्ड पॅटरसन या संशोधकाने अशी घरं प्रत्यक्ष बसून, मिनिटामिनिटाची टिपणं काढून पाहिली आणि हे चक्र उलगडून दाखवलं. सातव्यांदा मिळतं हे त्यातलं सगळ्यात घातक. दर वेळी मिळणारी गोष्ट बंद झाली तर मूल लवकर नाद सोडतं. कधीतरी मिळणारी गोष्ट लॉटरीसारखी असते, तिकीट घेणं थांबत नाही. फटक्याचंही तसंच आहे. फटका त्या क्षणी चालतो, म्हणून तो आपल्याला सवय लावतो. महिनाभरानं तेवढ्याच शांततेसाठी दोन लागतात, आणि मूल तेच वर्गात आपल्याहून लहानावर करून बघतं. शाळांमध्ये मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. घरात तसा पहारेकरी नाही.

तर या चक्रात बाहेरच्यानं हात घालायचा कुठे? मुलाच्या बाजूनं घालता येत नाही, तो सव्वाचार वर्षांचा आहे. हात घालायला मोठ्यांची बाजू तेवढी मोकळी असते.

खोलीत काय होतं ते सांगते, कारण काचेपलीकडून कुणीतरी बघतंय हे ऐकूनच निम्मे पालक बिचकतात. एका खोलीत तुम्ही, मूल आणि तीन-चार साधी खेळणी. पलीकडे मी. तुमच्या कानात छोटं यंत्र, त्यातून माझा आवाज फक्त तुम्हाला ऐकू येतो. काचेची खोली नसली तरी चालतं. २०२० च्या टाळेबंदीत मी कित्येक घरांत असं काम केलं: टीव्हीच्या स्टँडवर उभा केलेला फोन, आईच्या कानात ब्लूटूथ, आणि मी माझ्या घरच्या डायनिंग टेबलाशी. खरं सांगायचं तर काही मुलांचं घरात जास्त चांगलं जमलं, कारण ती लोळण घेतात ती फरशी तीच होती.

पहिल्या भेटीत मी काहीच शिकवत नाही, पाच मिनिटं नुसती मोजते. एका बाबांची पाच मिनिटं माझ्या चांगलीच लक्षात आहेत (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). आयटीतले, हुशार, मुलावर अपार जीव. मुलगा ठोकळे लावत होता.

"हे काय केलंस? बिल्डिंग का? कुठला रंग घेतलास? रेड ना? मग येलो कुठे ठेवशील? किती झाले मोज बरं. चार? नीट मोज. असं नाही, पडेल ते. मोठा खाली ठेवतात. सांगितलं ना?"

पाच मिनिटांत एकतीस प्रश्न, अकरा सूचना, चार चुका काढणं, आणि कौतुक एकदाच, "गुड". मुलानं शेवटी ठोकळा फेकून मारला. बाबा काचेकडे बघून म्हणाले, "पाहिलंत? हे असं." मी पाहिलं होतं. तो खेळ नव्हताच, नर्सरीच्या ॲडमिशनचा इंटरव्ह्यू होता. पुण्यात हे फार दिसतं. मुलाबरोबर मोकळं बसलो की आपल्यातला शिक्षक जागा होतो, आणि वेळ वाया जातोय असं वाटून आपण रंग, आकडे, स्पेलिंग विचारत सुटतो.

पहिल्या टप्प्यात नेमकं हेच उलटवायचं असतं. खेळाचं सुकाणू मुलाच्या हाती. तुम्ही पाच गोष्टी करायच्या: त्याच्या वागण्यातल्या नेमक्या गोष्टीचं कौतुक, तो बोलेल ते परत म्हणणं, त्याच्यासारखं खेळणं, तो काय करतोय ते बोलून दाखवणं आणि मजा घेणं. आणि तीन करायच्या नाहीत: प्रश्न, हुकूम, टीका. वाचायला सोपं वाटतं. तसं जमायला पाच-सहा आठवडे लागतात.

त्याच बाबांची तिसरी भेट. मुलानं दोन ठोकळे उभे केले, वर एक आडवा टाकला आणि म्हणाला, "हा कात्रजचा बोगदा."

बाबांचं तोंड उघडलं. मला माहीत होतं काय येणार: 'मग बोगद्याच्या पलीकडे काय असतं?' मी कानात म्हटलं, "फक्त तेच म्हणा."

"कात्रजचा बोगदा," बाबा म्हणाले.

मुलानं वर पाहिलं. अगदी क्षणभर, पण पाहिलं. मग एक लांबडा ठोकळा सरकवत म्हणाला, "पीएमटी चालली."

"पीएमटी चालली बोगद्यातनं," बाबा.

"कौतुक, नेमकं," मी.

"तू... बस हळूच नेलीस. बोगदा पडू दिला नाहीस. मस्त."

मुलगा सरकत सरकत बाबांच्या मांडीला टेकला आणि तसाच खेळत राहिला. बाबांनी पुढची दोन मिनिटं एकही शब्द धड उच्चारला नाही. मीही कानात काही बोलले नाही.

मराठीत या कामात दोन खास खड्डे आहेत, आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकून आलेल्या थेरपिस्टच्या ते लवकर लक्षात येत नाहीत. पहिला म्हणजे आपला 'ना'. 'तू लाल ठोकळा घेतलास' हे वर्णन झालं. 'तू लाल ठोकळा घेतलास ना?' हा प्रश्न झाला, मुलाला उत्तर द्यायला खेळातून बाहेर यावं लागतं. आपण प्रत्येक वाक्याला 'ना', 'हो की नाही', 'काय?' अशी शेपटी लावतो. ती कापायला माझ्याकडच्या आयांना सगळ्यात जास्त वेळ लागतो. दुसरा खड्डा कौतुकाचा. 'शहाणं माझं बाळ' हे प्रेम आहे, जरूर म्हणा, पण शहाणं म्हणजे काय केलं ते त्यातून कळत नाही. 'दादाला ठोकळा दिलास, मला फार आवडलं' यातून कळतं. आणि एवढं कौतुक केलं की पोरगं डोक्यावर मिरे वाटेल, ही भीती? तुमच्या मुलाला सध्या दिवसभरात मिळणाऱ्या वाक्यांत 'नको', 'सोड', 'थांब', 'अरे' किती, ते एक दिवस मोजा. एका आजीबाईंना नजर लागायची धास्ती होती. मी म्हटलं, तीट लावा आणि कौतुक करा. त्यांना ते पटलं.

घरचा अभ्यास रोज पाच मिनिटांचा. दहा नको, अर्धा तास तर नकोच, कारण अर्धा तास कुणाकडून रोज होत नाही आणि चौथ्या दिवशी सगळंच बंद पडतं. वेळ शक्यतो एकच ठेवा. खेळणी अशी, ज्यात हरणं-जिंकणं नाही आणि नियम नाहीत: ठोकळे, आगगाडी, कणीक, तुळशीबागेतली भातुकली. मुलग्यांना भातुकली कशाला, असं कुणी म्हटलं तर ऐकून घ्या आणि आणा. एका भातुकलीच्या कढईभोवती जेवढं बोलणं होतं तेवढं महागड्या रिमोटच्या गाडीभोवती होत नाही. सापशिडी, बॅट-बॉल, बंदुका आणि स्क्रीन मात्र नको. आणि हा वेळ बक्षीस नाही. दिवस वाईट गेला, चावला, ढकललं, तरी ती पाच मिनिटं मिळायचीच. हे सगळ्यात जड जातं, विशेषतः बाबांना. वाईट वागल्यावर लाड कसले? लाड म्हणू नका, औषधाचा डोस म्हणा. ताप वाढला म्हणून डोस बंद करत नाही आपण.

खेळात तो कुरकुरला, आवाज काढले, मुद्दाम तुमच्याकडे बघत ठोकळे पाडले, तर नजर वळवायची, आपण आपलं खेळत राहायचं आणि तो जरा बरं काही करताक्षणी परत भरभरून लक्ष द्यायचं. दुर्लक्ष एवढंच. बोलणं टाकणं किंवा रुसून बसणं यात बसत नाही. मारलं, चावलं, तर त्या दिवसाचा खेळ तिथेच संपला.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. दुर्लक्ष सुरू केलंत की पहिले काही दिवस त्रास वाढेल. हमखास. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण काय करतो? चार वेळा, जोरात दाबतो. मूलही तसंच दाबून बघतं. बहुतेक घरं याच आठवड्यात हार मानतात, आणि हार मानली की मुलाला कळतं की आता एवढं जोरात दाबावं लागतं. म्हणून हे शेजारी माणूस असताना करायचं असतं. व्हिडिओ बघून करता येईल का, याचं उत्तर मी इथेच देऊन टाकते: पाच मिनिटांचा खेळ व्हिडिओ बघून जरूर सुरू करा, नुकसान काही नाही. पण आपलं 'ना' आपल्याला ऐकू येत नाही, ते दुसऱ्यानंच पकडावं लागतं.

पहिला टप्पा संपला हे कसं ठरवायचं? त्याचा मोजून मापून निकष आहे. पाच मिनिटांत दहा नेमकी कौतुकं, दहा वेळा त्याचं बोलणं परत म्हणणं, दहा वर्णनं, आणि प्रश्न-हुकूम-टीका मिळून तीनपेक्षा जास्त नाहीत. तुमच्या थेरपिस्ट 'दीड-दोन महिने' म्हणाल्या ते यासाठी.

सगळ्यांना दुसरा टप्पा, म्हणजे ऐकायला लावण्याचा, आधी हवा असतो. मलाही एकदा वाटला होता. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक जोडपं आलं, गावाहून, परत परत येणं शक्य नाही म्हणाले. मी एका बैठकीत टाइम-आउट समजावलं, कागदावर पायऱ्या लिहून दिल्या आणि स्वतःवर खूश झाले. तीन आठवड्यांनी फोन आला. मुलगी दिवसातून चौदा-पंधरा वेळा त्या खुर्चीवर होती. पाणी सांडलं, खुर्ची. हसली, खुर्ची. आणि आता ती आईकडे बघतच नव्हती. कागदावरची प्रत्येक पायरी त्यांनी पाळली होती. मूल ज्या गोडीच्या वेळेतून बाजूला केलं जातं ती वेळच त्या घरात नव्हती. टाइम-आउट म्हणजे ज्यात मजा आहे त्यातून थोडा वेळ बाहेर. आत मजाच नसेल तर बाहेर काढून काय होणार? ती चूक माझी होती, त्यांची नव्हे, आणि तसं मी त्यांना फोनवर सांगितलंही. तेव्हापासून कितीही घाई असली तरी मी तो कागद देत नाही.

दुसऱ्या टप्प्यात सुरुवात तुमच्या सांगण्यापासून होते. आपली सांगायची पद्धत ऐका जरा. 'दूध पितोस का?' हा प्रश्न आहे, 'नाही' हे त्याचं रास्त उत्तर. 'चला, आपण आवरूया' यात आवरणार कोण? मुलाला वाटतं आई. 'शहाण्यासारखा वाग', 'नीट बस' यात नेमकं करायचं काय ते सांगितलेलंच नाही. 'धावू नको, ओरडू नको, हात लावू नको' यातून काय करू नये ते कळतं, काय करावं ते नाही. सांगायचं ते एका वेळी एकच, करायच्या रूपात, साध्या आवाजात, जवळ जाऊन. कारण द्यायचं असेल तर आधी द्या, म्हणजे पुढे वाद उरत नाही: "रिक्षाकाका खाली आलेत. बूट घाल." मग गप्प. मनात पाच आकडे मोजायचे. हे पाच सेकंद मोठ्यांना फार जड जातात, आपण दुसऱ्याच सेकंदाला पुन्हा सांगायला लागतो आणि दहाव्यांदा ओरडतो. घातला बूट, की लगेच: "सांगितल्यावर लगेच ऐकलंस, आता वेळेत निघू."

नाही ऐकलं तर एकदाच इशारा, ठरलेल्या शब्दांत: बूट घातला नाहीस तर खुर्चीवर बसावं लागेल. परत पाच सेकंद. नाहीच, तर खुर्ची. तीन मिनिटं, आणि शेवटचे पाच सेकंद शांत. मग खुर्चीपाशी जाऊन तेच विचारायचं, बूट घालायला तयार आहेस का? कारण बूट काही सुटलेला नाही. हा भाग बऱ्याच घरांत राहून जातो आणि मग खुर्ची म्हणजे काम टाळायची सोय होऊन बसते. खुर्चीवरून उठून पळणाऱ्या मुलाचं काय करायचं हे मी मुद्दाम इथे लिहीत नाही. ते पहिल्या वेळी थेरपिस्टच्या देखतच व्हायला हवं, कधीकधी तो एक तास दोन तासांचा होतो. बाथरूममध्ये कोंडणं, अंधारात उभं करणं, दाराबाहेर काढणं, 'पोलिसांना बोलावते' हे यात कुठेच बसत नाही.

आता आजी-आजोबा. तुम्ही ते एका ओळीत लिहिलंत, पण माझ्या अनुभवात निम्मं यश तिथे अडतं. बारा ते सहा मूल त्यांच्याकडे असेल तर त्यांना वगळून काहीही होणार नाही. 'आमच्या वेळी नव्हती ही थेरं' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला ते आवडायला लागलंय. मी त्यांना एका भेटीला बोलवतेच. आजींना पद्धत शिकवायला जात नाही, फक्त त्यांना खेळताना बघते, आणि कितीतरी वेळा असं होतं की घरात वर्णन सगळ्यात छान आजीच करत असतात. 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' म्हणत भरवलेली पिढी आहे ती. शेंगा निवडताना, वाती वळताना हाताबरोबर बोलत राहायची त्यांची सवय असते. मी ते सुनेसमोर बोलून दाखवते. मग दोनच गोष्टी मागते: रडून मागितलेलं द्यायचं नाही, आणि आई सांगत असताना मध्ये पडायचं नाही. रडणं थांबल्यावर, नीट मागितल्यावर, आजोबांनी खुशाल शेंगदाण्याची चिक्की द्यावी. आजोबांना निदान तेवढा अधिकार हवाच.

परिणाम होतो का? होतो, आणि याच्यामागे चार-पाच दशकांचं काम आहे. सगळ्यात बोलका पुरावा मला २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासातला वाटतो. मुलांना मारहाण केल्याची नोंद झालेले ११० पालक त्यात होते. सुमारे ८५० दिवसांच्या पाठपुराव्यात, नेहमीच्या पालक-गटात गेलेल्यांपैकी ४९ टक्क्यांविरुद्ध पुन्हा मारहाणीची तक्रार आली, या पद्धतीत गेलेल्यांमध्ये १९ टक्के. म्हणजे मोठ्यांचे हातही बदलतात. ही पद्धत साधारण दोन ते सात वयासाठी आहे, तुमचा मुलगा अगदी नेमक्या वयात आहे. बहुतेक कुटुंबांना बारा ते वीस भेटी लागतात. कुणी 'हा एडीएचडी (अतिचंचलता, लक्ष न टिकणं) असेल, गोळी सुरू करू' म्हणालं तर हे लक्षात असू द्या: चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची मार्गदर्शक सूत्रंही आधी पालकांचं प्रशिक्षणच सांगतात, औषध नंतर.

प्रगती मोजायला छत्तीस वर्तनांची एक प्रश्नावली असते, प्रत्येकाला १ ते ७ गुण, म्हणजे एकूण ३६ ते २५२. १३१ च्या वर गेलं तर मदत हवी, ११४ किंवा खाली आलं की थांबायचा विचार करायचा. हे आकडे तिकडच्या मुलांवरून ठरलेत, मी त्यांना काळ्या दगडावरची रेघ मानत नाही. त्याच मुलाचा पहिल्या दिवशीचा आकडा आणि आजचा, एवढं मला पुरतं.

सुरू करण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या. ऐकण्याची तपासणी झालीय का? सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं मूल 'ऐकत नाही' असंच दिसतं, आणि ते खरंच ऐकत नसतं. बोलणं वयाच्या मानानं मागे आहे का, नजर देतो का, झोप किती? स्वमग्नतेची शंका असेल तर हीच पद्धत थोडी बदलून वापरावी लागते, तेव्हा आधी ते स्पष्ट होऊ द्या. आणि तुमची स्वतःची झोप, तुमचं रडणं? चावलेल्या हातानं प्रश्न लिहिणाऱ्या आईला हे कुणी विचारत नाही. मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

थेरपिस्टना बेधडक विचारा: भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, तुम्ही आम्हाला प्रत्यक्ष मुलाबरोबर बघणार का, की मुलाला आत घेऊन आम्हाला बाहेर बाकावर बसवणार? तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या बाई बरोबर वाटेवर दिसतात. टाइम-आउट लगेच द्यायला नकार दिला, यावरूनच मला त्या आवडल्या.

बाबांना हिंजवडीहून दर आठवड्याला येणं जमणार नाही, हे मी धरून चालते. आळीपाळीनं या. रोजची पाच मिनिटं मात्र दोघांचीही वेगवेगळी, बाबांची रात्री साडेआठला असली तरी चालेल. पहिल्या भेटीला खेळणी आणू नका, तिथे असतात. पाण्याची बाटली आणि जास्तीचा शर्ट आणा. आणि मुलाला गाडीत बसवताना 'डॉक्टरकाकू आता तुला सरळ करणार आहेत' असं सांगू नका. खेळायला चाललोय म्हणा.